कपभर थंडी

ठाण्यात थंडी पडत नाही, थंडीची बातमी येते. डिसेंबरात कधीतरी किमान तापमान १८ अंशांवर उतरतं, दुसऱ्या दिवशी पेपरात 'ठाणेकर गारठले' असा मथळा झळकतो आणि तलावपाळीवर फेऱ्या मारणारी ज्येष्ठ मंडळी माकडटोप्या चढवून बाहेर पडतात. नऊ वाजता टोपी खिशात जाते, दहाला स्वेटर कमरेला बांधला जातो आणि अकराला पंखा पाचावर. खरी थंडी आम्हाला फोनवरून कळते. माझी नणंद पुण्याला असते. ती जानेवारीत सकाळी सकाळी फोन करून "आज पाषाणला आठ!" असं जाहीर करते आणि थांबते. त्या आठात तिचाही काही वाटा आहे, तेव्हा आम्ही जरा कौतुक करावं, अशी तिची अपेक्षा असते.

अशा गावात, आमच्या घरात, हॉट चॉकलेट करायचं ठरलं. तेही पुदिन्याचं.

ठरवलं लेकीने. मैत्रिणींबरोबर ती कुठल्याशा कॅफेत गेली होती आणि तिथे 'मिंट हॉट चॉकलेट' नावाचा प्रकार ३२० रुपये अधिक जीएसटी मोजून पिऊन आली होती. घरी आल्यावर तिने डोळे मिटून त्याचं वर्णन केलं. आधी गरम लागतं आणि मग एकदम गार लागतं.

"म्हणजे निवलेलं दिलं," सासूबाई म्हणाल्या.

नवऱ्याने पाकिटाच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. दूध एवढ्याचं, कोको एवढ्याचा, पुदिन्याचं पान फुकट. उरलेले सगळे पैसे त्याने खुर्चीच्या नावावर टाकले आणि "आपल्याकडे खुर्च्या आहेत," असा निष्कर्ष काढला. एखादा पदार्थ घरी करायचा निर्णय मध्यमवर्गात असाच होतो. चवीचा विचार नंतर होतो.

शिवाय पुदिना घरात होताच. पुदिना घरात नेहमीच असतो, कारण पुदिन्याची जुडी आजवर कुठल्याही मराठी घराने संपवलेली नाही. आपल्याला हवी असतात चटणीपुरती मूठभर पानं आणि भाजीवाली देते ती जुडी कार्याला पुरेल एवढी. "अर्धी देता का?" असं विचारलं तर ती आपल्याकडे अशी बघते की आपण दोन जुड्या घेऊन घरी येतो. मग त्यातली मूठभर चटणीत जाते, चार काड्या चहात गवती चहाबरोबर जातात, आणि बाकीचा पुदिना फडक्यात गुंडाळून फ्रिजच्या तळाच्या खणात काळा पडायची वाट बघत बसतो. त्याला काहीतरी काम द्यावं, असं मलाही कित्येक वर्षं वाटत होतं.

हरकत आली ती सासूबाईंची. "दुधात पालेभाजी?" त्यांनी विचारलं. दूध आणि मासे, दूध आणि आंबट, दूध आणि मीठ ही विरुद्ध आहाराची यादी त्यांना पाढ्यासारखी पाठ आहे, आणि त्या यादीच्या शेवटी 'इत्यादी' आहे. पुदिना इत्यादीत बसतो. मी म्हटलं, "अहो आई, चहात नाही का आपण घालत? त्यातही दूध असतंच."

"चहा वेगळा," त्या म्हणाल्या. चहा वेगळा का, हे आमच्या घरात कुणी कुणाला विचारत नाही. आयुर्वेदाची कलमं आमच्याकडे चहाला लागू होत नाहीत.

दुसरी हरकत पुण्याहून आली. "ठाण्यात कसलं गं हॉट चॉकलेट?" नणंद फोनवर म्हणाली. "त्याला थंडी लागते."

ह्या वाक्याला मी उत्तर शोधलं, आणि ते सापडल्यावर मला जो आनंद झाला तो पुढे प्रत्यक्ष चॉकलेट प्यायल्यावरही झाला नाही. कोकोच्या झाडाला थंडी अजिबात चालत नाही. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण २० अंशांच्या पट्ट्यात, दमट हवेत, मोठ्या झाडांच्या सावलीत ते वाढतं. ठाणं बसतं १९ अंशांवर. म्हणजे भूगोलाच्या हिशेबाने कोको आमच्या बाजूचा आहे. स्वित्झर्लंडच्या ज्या बर्फाळ डोंगरांचं चित्र चॉकलेटच्या वेष्टनावर असतं, त्या डोंगरावर कोकोचं रोप नेऊन लावलं तर ते पहिली रात्रही काढणार नाही. आपल्याकडे ते केरळ, कर्नाटक, आंध्र, तमिळनाडूत नारळी-पोफळीच्या सावलीला सुखाने नांदतं. १९७३ मध्ये मंगळुरात सुपारी उत्पादकांची कॅम्पको ही सहकारी संस्था उभी राहिली, ती पुढे कोकोही विकत घेऊ लागली आणि १९८६ मध्ये तिने पुत्तूरला स्वतःचा चॉकलेटचा कारखानाच काढला. सुपारीवाल्यांनी चॉकलेट करावं, हे मला फार आवडलं. आपल्या मुखशुद्धीच्या परंपरेशी ते सुसंगत आहे.

ज्या मायन लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी कोको प्यायला, तेही काही लोकरीचे पायमोजे घालून खिडकीतून बर्फ बघत बसले नव्हते. ते घामाच्या मुलखातले. त्यांच्या पेयात दूध नव्हतं, साखर नव्हती, मिरची मात्र असे. दूध-साखरेचे लाड पुढे युरोपात सुरू झाले. आणि ठाण्याचं म्हणाल तर आमच्याकडे कॅडबरी जंक्शन आहे. कारखान्यावरून पडलेलं नाव ते. नवरा सांगतो की त्याच्या लहानपणी वाऱ्याची दिशा बरोबर असली की त्या बाजूला कोकोचा वास येई, आणि शाळेच्या बसमधली सगळी मुलं एकदम गप्प होत. पुण्याच्या कुठल्या चौकाला चॉकलेटचं नाव आहे? हे मी नणंदेला विचारलं. तिने "आज पाषाणला सात," असं सांगून फोन ठेवला.

पहिला मान नवऱ्याने घेतला. त्याचं म्हणणं असं की घरात बोर्नव्हिटा असताना कोको आणायची गरज नाही. लेक त्याच्याशी तासभर बोलली नाही, तेव्हा कोको आला. मग त्याने पुदिन्याची पानं आणि दूध मिक्सरमधून फिरवलं, ते उकळलं आणि त्यात कोको ओतला. हिरवा आणि तपकिरी हे दोन रंग वेगवेगळे फार छान आहेत. एकत्र आले की जो रंग होतो त्याला मराठीत नाव नसावं, आणि असलं तर ते जेवणाच्या टेबलावर घेत नसावेत. वर कोकोच्या गुठळ्या तरंगत होत्या. सासूबाईंनी पातेल्यात डोकावून शांतपणे विचारलं, "हे प्यायचंय की लावायचंय?"

मग पातेलं माझ्याकडे आलं. पानं गाळून घेतली, रंग सुधारला, गुठळ्या गेल्या, वास सुरेख आला. लेकीने घोट घेतला, डोळे मिटले आणि थोड्या वेळाने उघडले.

"छान आहे," ती म्हणाली, "पण गार कुठेय?"

तिचं बरोबर होतं. पुदिना होता, चॉकलेट होतं, गारवा नव्हता. आणि इथे हा विषय स्वयंपाकघरातून बाहेर पडून वनस्पतिशास्त्रात गेला. आपण भाजीवालीकडून आणतो तो बहुतेक वेळा स्पिअरमिंट. त्याचा वास येतो तो मुख्यतः कार्व्होन नावाच्या द्रव्याचा. वास ताजा, गोडसर, पण गार करण्याच्या बाबतीत हे द्रव्य फारसं मनावर घेत नाही. गार करतं ते मेन्थॉल, आणि ते भरपूर असतं पेपरमिंटमध्ये. पेपरमिंट हा स्पिअरमिंट आणि पाणपुदिना ह्यांचा संकर. लिनियसने १७५३ मध्ये त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, आणि मागाहून कळलं की हे तर मिश्र कुटुंब आहे. त्याला बी धरत नाही. ते मुळांवाटे, काड्यांवाटे पसरतं आणि एकदा कुंडीत शिरलं की शेजारच्या कुंडीवरही हक्क सांगतं.

आता मेन्थॉल गार कसं करतं? ते काहीच गार करत नाही. थर्मामीटर लावून बघा, चॉकलेट तेवढंच गरम असतं. आपल्या जिभेत, गालात, नाकात मज्जातंतूंच्या टोकांशी एक प्रथिन असतं, टीआरपीएमएट नावाचं. तापमान साधारण २६ अंशांच्या खाली गेलं की ते उघडतं आणि मेंदूकडे 'गार' असा निरोप जातो. मेन्थॉल जाऊन तेच दार उघडतं. तापमान उतरलेलंच नसतं, पण मेंदूला कोण सांगणार? तो गारठतो. मी हे वाचलं आणि थक्क झाले. पेपरातला मथळा अख्ख्या ठाण्याला जे करतो तेच मेन्थॉल जिभेला करतं. आमच्या शहराला ह्या पेयाइतकं शोभणारं दुसरं पेय नाही. इथे बाहेरून थंडी यायची वाट बघत बसलो तर जन्म जाईल. ती कपातच घालून घेतलेली बरी.

ह्या दाराचा शोध २००२ मध्ये डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूशियन ह्या दोघांनी वेगवेगळा लावला, दोघांनीही मेन्थॉल वापरून. त्याआधी १९९७ मध्ये ज्युलियस ह्यांनी मिरचीतल्या तिखट द्रव्याच्या मदतीने उष्णता ओळखणारं दार शोधलं होतं. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल दोघांना विभागून मिळालं, उष्णता, थंडी आणि स्पर्श आपल्याला कसे कळतात ह्या कामासाठी. थोडक्यात, मिरची आणि पुदिना. आमच्याकडे ह्या दोघांना एकत्र वाटून वर लिंबू पिळतात. नाक्यावरच्या पाणीपुरीवाल्याला मी हे अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो प्लेटमागे दहा रुपये वाढवेल, आणि त्याचं काही चुकणार नाही.

मेन्थॉलची आणखी एक गंमत आहे. जगातल्या टूथपेस्टींना, गोळ्यांना, मलमांना लागणारं नैसर्गिक मेन्थॉल मोठ्या प्रमाणात भारतातून जातं, आणि भारतात त्याचं माहेर म्हणजे उत्तर प्रदेशातला बाराबंकी आणि त्याच्या आसपासचे जिल्हे. तिथे त्याला मेंथा म्हणतात. त्या तेलाचे वायदेबाजारात सौदे होतात. गहू-बटाटा निघाल्यावर आणि भात लागायच्या आधी हे पीक घेतात आणि मे-जूनमध्ये कापून, उकळून तेल काढतात. उत्तर भारतात ज्या दिवसांत लू लागून माणसं आडवी होतात, त्या दिवसांत, त्या शेतात जगाची थंडी तयार होते. आणि पाषाणच्या आठाचं कौतुक आम्हाला ऐकवलं जातं!

प्रश्न उरला मेन्थॉल आणायचं कुठून. लेकीने सांगितलं की ते घरातच आहे, आजीच्या कपाटात. सासूबाईंची अमृतधारेची बाटली आमच्या घरात दस्तऐवजांच्या शेजारी ठेवलेली असते. पुदिन्याचं फूल, म्हणजेच मेन्थॉल, ओव्याचं फूल आणि भीमसेनी कापूर हे तीन कोरडे खडे बाटलीत एकत्र टाकले की न तापवता आपोआप पातळ होतात. माझ्या मते हा भारतीय स्वयंपाकघरातला सगळ्यांत सुंदर चमत्कार आहे आणि शाळेच्या प्रयोगशाळेत तो दाखवत नाहीत हे आपलं दुर्दैव. तरी अमृतधारा चॉकलेटात घालायची नाही. ते औषध आहे, आणि त्यात कापूर आहे. पुदिन्याच्या फुलाचे खडे नुसतेही घालू नयेत. कण जरा मोठा पडला तर गारवा संपून जळजळ सुरू होते. शिवाय सासूबाईंनी स्वयंपाकघरात येऊन नुसता वास घेतला आणि विचारलं, "पोट बिघडलंय का कुणाचं?"

त्यांच्या ह्या प्रश्नात पुदिन्याच्या चॉकलेटची आपल्याकडची सगळी अडचण आली. आपल्या नाकाला हा वास फार आधीपासून माहीत आहे आणि तो चुकीच्या ठिकाणांहून माहीत आहे: सकाळची टूथपेस्ट, सर्दीत छातीला चोळायचं मलम, खोकल्याची गोळी. मराठी माणसाने मिंट चॉकलेटचा घोट घेतला की त्याला आधी बरं वाटायला लागतं आणि चव मग कळते. इंग्रजांचं तसं नाही. त्यांच्याकडे जेवणानंतर पेपरमिंट चघळायची जुनी पद्धत. यॉर्कच्या राउन्ट्री कंपनीने १९६२ मध्ये तीच गोष्ट काळ्या चॉकलेटच्या पातळ चौकोनात भरून 'आफ्टर एट' नावाने विकायला काढली. रात्री आठनंतर, जेवणं आटोपून, निवांत खायची वस्तू. ठाण्यात रात्री आठला माणूस तीन हात नाक्याच्या सिग्नलला असतो, ते सोडा. पण कल्पना आपल्या ओळखीची आहे. गोड खाल्ल्यावर तोंड स्वच्छ, गार करायचं. आपण त्यासाठी पान खातो. पानवाला गुलकंदावर जे गार काहीतरी शिंपडतो, तेही मेन्थॉलच्याच नात्यातलं. तेव्हा पुदिन्याचं हॉट चॉकलेट म्हणजे पक्वान्न आणि त्यावरचा विडा एकाच कपात. सासूबाईंना मी हे असं समजावलं तेव्हा त्या पहिल्यांदा "बरं," म्हणाल्या.

गारव्याची सोय शेवटी नवऱ्याच्या शर्टाच्या खिशातून झाली. त्याच्या खिशात कायम पोलोच्या गोळ्या असतात. कपामागे एक गोळी गरम दुधात टाकली की विरघळते, आणि तिच्यात पेपरमिंटचं तेल असतंच. ज्यांना हे फार गावठी वाटेल त्यांनी केकचं सामान मिळतं तिथून पेपरमिंटचा खाण्याचा इसेन्स आणावा. ती बाटली इतकी छोटी असते की आपण दोन घ्याव्यात की काय असं वाटतं. घेऊ नका. एक बाटली लेकीच्या लग्नापर्यंत पुरते. संपूर्ण पातेल्याला एक थेंब घालायचा. दोन घातले तर चॉकलेट प्यायल्याचं समाधान जाऊन दात घासल्याचं मिळतं.

आता कृती सांगते, कारण इतकं ऐकवून कृती न सांगणं हे विरुद्ध आहारापेक्षा वाईट. दोन मोठ्या कपांना साधारण ४०० मिली दूध घ्या, आणि ते फुल क्रीम घ्या, पिशवीवर ६ टक्के स्निग्धांश लिहिलेलं. पुदिन्याची सुगंधी तेलं पाण्यात नीट विरघळत नाहीत, स्निग्धात विरघळतात. पाणचट दुधात पुदिना पाहुणा राहतो, सायीच्या दुधात घरचा होतो. दुधाच्या कडेने बारीक बुडबुडे यायला लागले की गॅस बंद करा, मग पंधरा-वीस पानं तळहातावर चुरगळून आत टाका आणि झाकण ठेवून दहा मिनिटं तिकडे बघू नका. पुदिना टाकून दूध खळाखळा उकळणारे लोक घरभर सुटलेल्या घमघमाटाने खूश होतात. तो घमघमाट म्हणजे कपातून उडून गेलेला माल असतो. मागे उरतो तो पाल्याचा उग्रपणा. दहा मिनिटांनी गाळा, पानं पिळू नका.

कोको सरळ दुधात टाकायचा नाही. कोकोच्या भुकटीत चरबी असते, ती दुधावर नुसती तरंगते आणि आतून कोरड्या गुठळ्या धरते. दुकानातल्या बहुतेक कोकोत ही चरबी १० ते १२ टक्के असते. मूळ दाण्यात ती निम्म्याच्या आसपास असते, आणि हॉलंडच्या व्हॅन हाउटेन घराण्याने १८२८ मध्ये ती दाबून काढायचं यंत्र केलं म्हणून आपल्याला ही भुकटी दिसते तरी. त्याआधीच्या चॉकलेटवर तुपाचा तवंग येत असे. पिठल्याचं बेसन आपण आधी थोड्या पाण्यात कालवून घेतो ना, अगदी तसंच करायचं. दोन मोठे चमचे कोको, तेवढीच साखर, चिमूटभर मीठ, त्यात दोन-तीन चमचे कढत पाणी, आणि चमच्याने घोटून चकचकीत लगदा. मग त्यात थोडं थोडं दूध. पिठलं येणाऱ्या माणसाला हॉट चॉकलेट शिकवावं लागत नाही. पुन्हा मंद आचेवर ठेवून ४० ग्रॅम काळ्या चॉकलेटचे तुकडे त्यात विरघळवा, आणि शेवटी गोळी. मीठ घालताना सासूबाई स्वयंपाकघरात नसतील असं बघा. दूध आणि मीठ हे यादीत वर आहे.

फेस हवा असेल तर रवी घ्या. मेक्सिकोत चॉकलेट घुसळायला मोलिनियो नावाची लाकडी रवी वापरतात, दोन तळहातांत दांडा धरून गरागरा फिरवायची. मी तिचा फोटो सासूबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बघितला आणि "ही आपली आहे," असा निर्णय दिला. तिच्याही आधी तिथले लोक एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून धार धरून फेस आणत. आपल्याकडचे कॉफीवाले अण्णा आजही करतात. आमच्या घरी रवी ताकाची आहे, ती चॉकलेटला द्यायला सासूबाईंनी दोन दिवस घेतले. अट अशी पडली की रवी दोनदा धुवायची आणि दुसऱ्यांदा त्यांच्यासमोर.

पिताना घाई नको. कढत असताना थंडीचं ते दार बंदच असतं, नुसता वास येतो. जरा निवू द्यावं, घोट घ्यावा, गिळावा आणि मग तोंडाने श्वास आत ओढावा. टाळ्याला, घशाला जो गारवा लागतो तो तेव्हा. लेकीचं 'आधी गरम मग गार' ते हेच. सासूबाईंचं 'निवलेलं दिलं' हेही शास्त्राच्या बाजूने जवळजवळ बरोबर निघालं, पण हे त्यांना सांगायची माझी तयारी नाही.

खरा संघर्ष झाला सायीवरून. आमच्या घरात दुधावर जे काही येतं ते सासूबाईंच्या अखत्यारीत असतं. सकाळचं दूध तापवून गार झालं की साय उचलून स्टीलच्या डब्यात, डबा फ्रिजमध्ये, आठवड्याने विरजण, लोणी, मग कढवलेलं तूप आणि तळाची बेरी. ह्या व्यवहाराला खाडा नाही. फुल क्रीम दुधाची पिशवी चॉकलेटकडे वळली की त्या दिवशीची साय डब्यात जात नाही. पहिल्या आठवड्यात त्या फक्त "आज साय कमी आली," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी डबा बाहेर काढून टेबलावर ठेवला, झाकण उघडं. त्या काही बोलल्या नाहीत. नवरा उठून खाली गेला आणि दुधाची जादा पिशवी घेऊन आला. मग त्यांनी अर्धी वाटी चॉकलेट चमच्याने चाखलं आणि "घशाला बरं आहे," असं प्रमाणपत्र दिलं. चवीबद्दल अवाक्षर नाही. पण रात्री झोपताना 'घशासाठी' म्हणून ती वाटी अधूनमधून मागितली जाते आणि घसा त्यांचा ठणठणीत आहे.

एकादशीला मात्र पेच पडला. हे उपासाला चालतं का? हसू नका. सतराव्या शतकात युरोपातल्या कॅथलिक धर्मपंडितांमध्ये ह्याच प्रश्नावर जोरदार वाद झाला होता. चॉकलेट पौष्टिक, म्हणून ते अन्न आणि त्याने उपास मोडतो, असं एका बाजूचं म्हणणं. ब्रान्काच्चो नावाच्या कार्डिनलने त्यावर पुस्तिकाच लिहिली, ती १६६४ मध्ये रोममध्ये छापली गेली. त्याचा निकाल असा की पातळ पदार्थाने उपास मोडत नाही. सासूबाईंनी हा प्रश्न पुस्तिका न लिहिता सोडवला. कॉफी चालते, कॉफी हे बी, कोको हेही बी, म्हणून कोको चालतो. दूध, साखर चालतातच. आपल्याकडे उपासाला कोथिंबीर चालते, म्हणजे पुदिनाही चालेल. मीठ सैंधव घालावं. गोळी चालणार नाही.

"पण आई, तुम्ही म्हणाला होतात की दूध आणि मीठ..."

"उपासाला वेगळं," त्या म्हणाल्या.

ह्या नियमाने एकादशीचं चॉकलेट नुसतं गरम असतं. गार लागायला द्वादशीची वाट बघावी लागते.

नणंद मार्चमध्ये येऊन गेली. ठाण्याला पस्तीस होते. तिने कप घेतला, घोट घेतला, मी शिकवल्याप्रमाणे तोंडाने श्वास आत ओढला आणि थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पुण्याला करून बघते. पण तिकडचा पुदिना वेगळा गं." मी तिला बाराबंकीचं सांगितलं नाही. पाहुणी होती.

तुम्ही घरी करणार असाल तर रात्री दहानंतर करा, पंखा दोनवर ठेवा, दुधाची एक पिशवी जास्तीची आणा, आणि घरात तुपासाठी साय साठवणारं माणूस असेल तर त्याला आधी झोपू द्या.